कीर्तनकाराचं बाड आणि वाचनाचा तास

गेल्या महिन्यात आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत वाचनाच्या तासावरून चांगलंच वाजलं. विषय साधा होता, गोष्टीची पुस्तकं वर्गात घ्यायची तर त्यासाठी नेटवर काय काय सापडतं ते एकमेकांना सांगायचं, बस. पण पाच मिनिटांत दोन तट पडले. एक ज्येष्ठ सर म्हणाले, आम्ही तीस वर्षं खडू-फळ्यावर शिकवलं, तेव्हा कुठं होतं नेट, हल्लीच्या शिक्षकांना सगळं आयतं पाहिजे. त्यावर एक तरुण सर उसळले, सर जग कुठल्या कुठं गेलं, आता पुस्तकांवर पैसे घालवायचेच कशाला, हजारो गोष्टी फुकट पडल्यात, मोबाईल टीव्हीला जोडायचा आणि लावून द्यायच्या. दोघांनाही टाळ्या पडल्या, मग चहा आला आणि विषय संपला. घरी येताना नाशिकच्या द्वारका चौकात अर्धा तास अडकले होते तेव्हा माझ्या डोक्यात तेच चालू होतं, कारण हेच भांडण मी आमच्या सोसायटीतल्या पालकांच्या ग्रुपवरही वाचलंय, तिथं त्याला 'स्क्रीन टाईम' म्हणतात एवढंच.

मी सहावी-सातवीला मराठी शिकवते, पंचवटीतल्या एका शाळेत, आणि मला मनापासून वाटतं की ही दोन्ही माणसं भलत्याच प्रश्नावर भांडतायत. नेट चांगलं की वाईट हे ठरवून वाचनाच्या तासाचं काहीच भलं होत नाही. आधी हे विचारा की नेटवरून शोधलेलं ते साहित्य कुणासाठी आहे? माझं उत्तर स्पष्ट आहे, ते शिक्षकासाठी आहे. मुलांपुढे पुस्तक पाहिजे आणि पुस्तक वाचणारं माणूस पाहिजे. नेट शिक्षकाने आदल्या रात्री वापरायचं, पुस्तक नीट कळावं म्हणून, दुसऱ्या कुणी ते वर्गात घेतलं तेव्हा काय घडलं हे कळावं म्हणून. आणि नेमकं याच प्रकारचं साहित्य मराठीत फार थोडं आहे, जे ढिगाने आहे ते मुलांच्या हातात कोंबायच्या वर्कशीट आहेत. भांडायचंच असेल तर यावर भांडू या.

आपल्याकडे याचा नमुना काही आजचा नाही. काळाराम मंदिरात वासंतिक नवरात्रात कीर्तन ऐकलेल्यांना माहीत असेल, बुवा किंवा ताई उभ्या राहतात, पूर्वरंगात अभंगाचं निरूपण होतं, उत्तररंगात आख्यान रंगतं, आणि आपल्याला वाटतं हे सगळं त्यांना आपोआप सुचतंय. तसं नसतं. पूर्वीच्या प्रत्येक कीर्तनकाराकडे बाड असायचं, फडक्यात बांधलेलं, त्यात दृष्टांत, पदं, कुठल्या आख्यानाला कुठला श्लोक शोभतो, कुठं लोक हसतात, कुठं गप्प होतात, असं सगळं उतरवलेलं. गुरूच्या बाडावरून शिष्य नकलून घ्यायचा, स्वतःची भर घालायचा. आता सांगा, त्या कीर्तनकाराला कुणी आळशी म्हटलं का, की याला सगळं आयतं मिळालं? आणि उलट, बाडाची पानं श्रोत्यांमध्ये वाटून "घ्या, रिकाम्या जागा भरा" असं कुठला बुवा म्हणाला का? बाड पिशवीत राहायचं आणि गोष्ट लोकांपर्यंत जायची. वाचनाच्या तासाला नेटची जागा ही बाडाची जागा आहे. ज्येष्ठ सरांना बाडच नको आहे, तरुण सरांना बाडच श्रोत्यांपुढे मांडायचं आहे.

आता माझ्याच वर्गातलं एक उदाहरण देते म्हणजे मी हवेत बोलतेय असं वाटायला नको. जुलैमध्ये सहावीला मी साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मधला तो भाग घ्यायचं ठरवलं, ज्यात श्याम पोहायला जायला घाबरतो, लपून बसतो आणि आई त्याला बाहेर काढून मारते. आदल्या रात्री नेटवर शोधलं. पुस्तकाचं नाव टाकलं आणि पुढं 'कसे शिकवावे' असं टाईप केलं. काय आलं? सारांश. प्रश्नोत्तरं. 'एका वाक्यात उत्तरे लिहा'. 'जोड्या लावा'. कुणीतरी मशीनच्या आवाजात वाचलेला व्हिडिओ, ज्यात 'वळ' आणि 'वेळ' एकच होऊन गेलंय. एका वर्कशीटवर प्रश्न होता, आईने श्यामला का मारले, आणि खाली छापील उत्तर, त्याला शिस्त लागावी म्हणून. तासभर खाली खाली सरकवत गेले पण एकाही ठिकाणी हे नव्हतं की बाई, हा भाग वाचताना वर्गात एखादं रोज मार खाणारं लेकरू बसलेलं असेल, तेव्हा जरा जपून.

वर्गात मी तो भाग स्वतः मोठ्याने वाचला, मुलांकडे पुस्तकं होती, दोघांत एक. वाचून झाल्यावर मी एवढंच विचारलं, की श्यामला काय वाटत असेल? मागच्या बाकावर एक मुलगा बसतो, सटाण्याकडचा, वडील मार्केट यार्डात हमाली करतात, तो वर्गात सहसा बोलत नाही. तो म्हणाला, "त्याले भ्याव वाटस." दोन-तीन जण हसले. मी म्हटलं, बरोबर बोलला तो, भ्याव वाटतं म्हणजे काय होतं सांगा बरं. मग गंगाघाटावर (इथं गोदावरीला गंगाच म्हणतात) राहणारा एक पोरगा उठला, हा उन्हाळ्यात रामकुंडात सूर मारून नाणी काढणाऱ्यांतला, तो म्हणाला मला माझ्या बापाने असंच ढकललं होतं गंगेत, नाकातोंडात पाणी गेलं, पण आता मला कुणी हात धरू शकत नाही. एक मुलगी म्हणाली, मग मारलं ते बरोबरच केलं, नाहीतर तो शिकलाच नसता. वर्ग दोन्हीकडं वाटला गेला, जो तो आपल्या घरचं सांगायला लागला. आणि त्या गोंधळात पुढच्या बाकावरची एक मुलगी पुस्तकात बघतच हळू आवाजात म्हणाली, "पण ती नंतर जवळ घेते ना बाई. सगळ्या नाही घेत."

मला त्या क्षणी काय करायचं ते कळलं नाही, हे खरं सांगते. मी दोन मिनिटं थांबले, मग पुढचं वाचायला घेतलं, मधल्या सुट्टीत तिच्याजवळ जाऊन बसले. ते पुरेसं होतं की नाही माहीत नाही. पण त्या रात्री माझ्या मनात आलं की महाराष्ट्रात हे पुस्तक १९३५ पासून घरोघर आहे, किती हजार शिक्षकांनी हा भाग वर्गात वाचला असेल, किती जणांपुढे अशी मुलगी बसली असेल, त्यांनी काय केलं असेल? ते कुठंच लिहिलेलं नाही. नेटवर 'शिस्त लागावी म्हणून' हे उत्तर शंभर ठिकाणी आहे आणि हे एकाही ठिकाणी नाही. बरं, पुस्तक लिहिलं गेलं ते आपल्या नाशिकच्या तुरुंगात, १९३३ साली. आमची मुलं जेलरोडला मामाकडे जातात, ती भिंत बघतात. तुरुंगात बसलेला माणूस आईच्या आठवणी का लिहितो, हा प्रश्न नाशिकच्या मुलांना विचारायचा नाही तर कुणाला विचारायचा? तोही मला कुठल्या पीडीएफमध्ये मिळाला नाही. आणि हे पुस्तक मुळात सांगितलेल्या गोष्टीचं आहे, रोज रात्री आश्रमात श्याम मित्रांना एकेक आठवण सांगतो अशी त्याची रचनाच आहे, त्यामुळे ते ऐकायला दिल्याशिवाय मुलांना लागत नाही, हेसुद्धा मला वर्गातच कळलं.

आता समोरच्यांचं म्हणणं ऐकू, कारण त्यात दम आहे. सगळ्यात जोरकस मुद्दा तरुण सरांचाच आहे, की बाई तुमच्याकडे दोघांत एक पुस्तक आहे हो, पेठ-सुरगाण्याला जाऊन बघा, हरसूलच्या पुढच्या पाड्यावर बघा, तिथं कपाटात पंधरा फाटकी पुस्तकं आहेत, मग स्क्रीनवर दाखवलं तर तुमचं काय जातं? काहीच जात नाही. मान्य आहे. पुस्तकच नसेल तर स्क्रीनवरचं पुस्तक हजारपट चांगलं. प्रथम बुक्सची स्टोरीवीव्हर ही गोष्टींची वेबसाइट २०१५ पासून आहे, त्यात मराठी गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे १ ते ४ असे गट केलेले आहेत, फुकट डाऊनलोड होतात, प्रिंट काढता येते, आणि खुला परवाना असल्यामुळे त्या गोष्टीचं भाषांतर करायलाही मोकळीक आहे. माझी एक मैत्रीण तिकडं आश्रमशाळेत आहे, तिनं काय केलं तर अशा गोष्टी डाऊनलोड केल्या, तालुक्याला गेल्यावर काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स काढल्या, मधोमध दुमडून सुईदोऱ्याने शिवल्या आणि चित्रं मुलांनी रंगवली. दोन गोष्टी तर तिनं मुलांच्याच मदतीने कोकणा बोलीत केल्या, पहिलीतल्या मुलांनी आपली भाषा छापलेली बघितली आणि पुस्तक उशाला घेऊन झोपली. हे नेटशिवाय झालं असतं का? नसतं. पण नीट बघा तिनं काय केलं. नेटवरून तिनं पुस्तक आणलं आणि मुलांच्या हातात पुस्तक दिलं. ज्या दिवशी झेरॉक्सला पैसे नसतात त्या दिवशी ती टीव्हीवर पानं लावते पण आवाज बंद करून स्वतः वाचते, थांबते, मागचं पान परत आणते, "ह्या चित्रात मांजर कुठं गेलं" विचारते. 'लावून देणं' आणि 'वाचून दाखवणं' यात जो फरक आहे तो एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

दुसरा मुद्दा वेळेचा. हा मुद्दा हसण्यावारी नेणाऱ्यांनी एकदा आमच्याबरोबर आठवडाभर राहावं. निवडणुकीचं काम, सर्वेक्षणं, रोज कुठली ना कुठली लिंक भरायची, माहिती 'आत्ताच्या आत्ता' पाठवायची, त्यात दोन वर्ग एकत्र. अशा शिक्षकाला रात्री अकरा वाजता तयार वर्कशीट सापडली तर तो ती घेणारच, आणि त्याला आळशी म्हणणारे सर अन्याय करतायत असं मला वाटतं. पण हिशोब पूर्ण मांडा ना. पस्तीस वर्कशीटच्या झेरॉक्स काढायच्या, वाटायच्या, गोळा करायच्या, तपासायच्या, त्यावर सही करायची, आणि शेवटी हाती काय तर पस्तीस वेळा 'शिस्त लागावी म्हणून'. त्यापेक्षा दुसऱ्या कुणी शिक्षकाने लिहिलेलं एक पान, की मी ही गोष्ट अशी वाचली, या पानावर थांबले, हा प्रश्न चालला, हा पडला, या शब्दाला मुलं अडली, ते वाचायला पाच मिनिटं लागतात. वेळ कमी आहे म्हणूनच वर्कशीट नको, असं माझं म्हणणं आहे.

इथं मला आपलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आठवतं. १९८९ ला नाशिकला ते सुरू झालं तेव्हा घरबसल्या पदवी म्हणून लोकांनी नाकं मुरडली होती. त्यांची पुस्तकं मुद्दाम अशी लिहिलेली असायची की एकटा माणूस घरी बसून शिकू शकेल, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीदच होतं. म्हणजे साहित्य उत्तम असेल तर माणूस लागत नाही, हा विचार करायचा असता तर त्यांनीच करायला पाहिजे होता. तरीपण त्यांनी गावोगाव अभ्यासकेंद्रं काढली, रविवारची संपर्क सत्रं ठेवली. का ठेवली? मोठ्या, कमावत्या, स्वतःहून शिकायला आलेल्या माणसांनासुद्धा समोर कुणीतरी लागतं म्हणून. मग अकरा वर्षांच्या पोराला टीव्हीपुढे बसवून आपण कुठल्या हिशोबाने बाहेर जातो?

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त टोचतो. लोक म्हणतात, अहो मुलांना वाचताच येत नाही, तुमचे हे प्रश्न-बिश्न कुठे घेऊन बसलात. आणि आकडे खरंच वाईट आहेत. मुलांना किती वाचता येतं हे तपासणाऱ्या असर पाहणीच्या २०२२ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या १०० मुलांपैकी जेमतेम ४३ जणांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला, २०१८ ला निदान निम्म्यांना येत होता. याच काळजीपोटी २०२१ मध्येच केंद्र सरकारचं निपुण भारत अभियान आलं होतं, तिसरीपर्यंत सगळ्यांना वाचता आलं पाहिजे असं. याला कोण विरोध करेल? मीही नाही करत, अक्षर ओळख, जोडाक्षरं, सराव हे सगळं लागतंच. पण यातून जो निष्कर्ष काढतात, की आधी वाचता येऊ दे मग गोष्टी, तो उलटा आहे. बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या गिजुभाई बधेकांपासून आपल्याकडे हे सांगितलं जातंय की मूल आधी गोष्टीला भुलतं आणि त्या ओढीने अक्षरापर्यंत येतं. त्याच वाटेने गेलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी डहाणूकडच्या बोर्डी-कोसबाडला काय केलं? वारल्यांची मुलं शाळेत येत नव्हती तर शाळाच अंगणात नेली, पोरं गुरांमागे गेली तर कुरणात नेली, बिया, शिंपले, पानं हे साहित्य केलं, गाणी-गोष्टी मुलांच्या बोलीपासून सुरू केल्या. गोष्ट ही त्यांनी बक्षीस म्हणून शेवटी ठेवली नव्हती. माझा तो सटाण्याचा मुलगा अजून अडखळत वाचतो. पण श्यामला काय वाटलं हे वर्गात पहिल्यांदा त्याला कळलं, अस्खलित वाचणाऱ्यांना नाही. त्याला मी आधी जोडाक्षरं पक्की कर मग बोल, असं म्हणायचं का?

आणि आता ज्येष्ठ सरांचं म्हणणं, की शिक्षकाने स्वतःचं स्वतः करावं. ऐकायला हे फार छान वाटतं. पण एवढी मोठी माणसंसुद्धा असं करत नव्हती हो. ताराबाईंनी वर्षानुवर्षं 'शिक्षणपत्रिका' चालवली ती कशासाठी? एका ठिकाणी जमलेलं दुसऱ्या ठिकाणी कळावं म्हणून. त्याच्या कितीतरी आधी, विष्णुशास्त्री चिपळूणकर १८७४ ला निबंधमाला काढण्याच्याही आधी, 'शालापत्रक' सांभाळत होते, शाळामास्तरांसाठीचं मासिक. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीच्या पंतोजीलाही कुणीतरी सांगायला, दाखवायला लागत होतं आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता. खेड्यात एकटा असलेल्या मास्तरला तेव्हा पोस्टाने यायचं ते आज मोबाईलवर येतं. सर तीस वर्षं शिकवतायत ते मला माहीत आहे, उत्तम शिकवतात, त्यांच्या वर्गातली मुलं अजून नाव काढतात. पण त्यांनी त्या तीस वर्षांतलं काही लिहून ठेवलं नाही, आणि ते रिटायर होतील तेव्हा ते सगळं त्यांच्याबरोबर जाईल. मला ते फार मोठं नुकसान वाटतं.

पीडीएफबद्दल बोलल्याशिवाय पुढं जाता येत नाही, कारण 'नेटवरचं साहित्य' म्हटलं की अर्ध्या ग्रुपवर तेच असतं, आजच्या लेखकांच्या पुस्तकांचे स्कॅन. साने गुरुजींचं पुस्तक मी बिनधास्त वापरते, ते १९५० ला गेले, आपल्या कॉपीराइट कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन सगळ्यांचं झालं. हयात लेखकाच्या पुस्तकाचं तसं नाही. कायदा शिक्षकाच्या बाजूने उदार आहे, कलम ५२ प्रमाणे वर्गात शिकवण्यासाठी शिक्षकाला मजकुराची नक्कल करता येते, पण म्हणून अख्खं पुस्तक स्कॅन करून हजार जणांच्या ग्रुपवर टाकणं हे काही शिकवणं नाही. मराठीत चांगली चित्रपुस्तकं काढणारे प्रकाशक मुळात मोजके, त्यांनी बंद केलं तर पुढच्या वर्षी फॉरवर्ड करायलाही काही उरणार नाही. हे मी माझ्या सहकाऱ्यांना रागाने सांगत नाही, हात जोडून सांगते. शाळेत लोकसहभागातून रंगरंगोटी होते, साउंड सिस्टीम येते, तर दहा पुस्तकांचे दहा-दहा संच का येऊ नयेत?

मोकळेपणाने घेता येण्यासारखं आहेच की. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक नेटवर फुकट वाचायला ठेवलेत, माझ्या मते मराठी शिक्षकासाठी याच्याइतका मोठा खजिना दुसरा नाही आणि आमच्या परिषदेत चाळीसपैकी पाच जणांनाही तो माहीत नव्हता. टाकाऊतून खेळणी करून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकं ढीगभर आहेत. पालघर जिल्ह्यातल्या वाड्याजवळच्या सोनाळ्याच्या क्वेस्ट या शिक्षणसंस्थेचं काम जरूर बघा, त्यांच्या गोष्टरंगमध्ये नट मुलांच्या पुस्तकातल्या गोष्टी आश्रमशाळांत जाऊन सादर करतात, ते पाहिलं की आवाज कुठं चढवायचा, कुठं थांबायचं हे आपोआप कळतं. हिंदी समजत असेल तर एकलव्य संस्थेचं 'चकमक' हे मुलांचं मासिक बघा आणि टाटा ट्रस्टच्या पराग उपक्रमाचं साहित्य बघा, मुलांच्या पुस्तकांबद्दल शिक्षकांशी बोलणारं. आणि शोधताना पुस्तकाच्या नावापुढे 'प्रश्नोत्तरे' किंवा 'स्वाध्याय' लिहू नका, गाईडच येणार. 'अभिवाचन' लिहा, 'वाचनानुभव' लिहा, लेखकाचं नाव लिहून 'मुलाखत' लिहा. आणि सगळ्यात आधी, शोधायला बसण्याआधी, ते पुस्तक स्वतः दोनदा वाचा. एकदा मुलासारखं, एकदा बाईंसारखं.

पण हे सगळं शोधूनही माझ्या त्या मुलीच्या वाक्याचं उत्तर मिळत नाही, आणि म्हणून मला वाटतं की खरी मागणी वेगळी करायला हवी. सरकारने २०१७ पासून दीक्षा हे शिक्षणाचं पोर्टल चालवलंय, पाठ्यपुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड असतो, स्कॅन केला की व्हिडिओ येतो. मग शाळांना अवांतर वाचनाची जी पुस्तकं सरकारच पाठवतं त्यांच्यासाठी असं का नाही? व्हिडिओ नकोच, प्रत्येक पुस्तकासाठी शिक्षकाने शिक्षकासाठी लिहिलेलं एक पान पुरे. दरवर्षी १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो, फोटो काढून पाठवायचे असतात, किती मुलांनी किती वेळ वाचलं ते भरायचं असतं. त्याऐवजी त्या दिवशी प्रत्येक शिक्षकाकडून एका पुस्तकाचं एक पान मागा. एका नाशिक जिल्ह्यातूनच केवढी पानं जमतील, आणि त्यात बागलाणच्या बाईंची अहिराणी असेल, सुरगाण्याच्या सरांची कोकणा असेल. आपल्या गावात तर याची सवय आहे. इथलं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पेट्या इथूनच निघून कुठं कुठं गेल्या. वाचक पुस्तकापर्यंत येत नसेल तर पुस्तक त्याच्यापर्यंत न्यायचं, हे ज्या गावाला सुचलं त्या गावाला पुस्तकाबरोबर एक पान पाठवणं जड जाऊ नये.

मी माझ्यापुरती सुरुवात केली. त्या तासाचं एक पान लिहिलं, काय वाचलं, कुठं थांबले, कोण काय बोललं (नावं काढून), आणि शेवटी खरं खरं लिहिलं की त्या मुलीला काय उत्तर द्यावं मला कळलं नाही. ते ओळखीच्या सहा शिक्षकांना पाठवलं. आठवडाभर कुणी काही बोललं नाही. मग कळवणहून एका बाईंचा मोठा मेसेज आला, त्यांनी तोच भाग त्यांच्या वर्गात घेतला होता. त्या मुलीबद्दल त्यांनी लिहिलं होतं की मी असते तर वर्गात काहीच बोलले नसते, तुम्ही मधल्या सुट्टीत गेलात ते बरं केलंत. आणि खाली त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा प्रश्न होता, "श्यामचे वडील तेव्हा कुठे होते?" मी तो भाग दहा-बारा वेळा तरी वाचला असेल, मला हे कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. परवा रात्री पुस्तक परत काढून बसले, आणि या शनिवारी वर्गात पहिला प्रश्न तोच घेणार आहे.